न केलेल्या पापाची नऊ वर्षं

साताऱ्यात पोवई नाक्यावर द्राक्षांच्या गाड्या लागल्या की उपवासकाळ आला असं समजायचं. आम्हा ख्रिस्ती लोकांचे हे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं, आणि दर रविवारी चर्चच्या बाकावर बसून सगळे आपापल्या पापांकडे बघतात. बाकीच्यांना या दिवसांत मन निवल्यासारखं वाटत असेल. मला राग येतो. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून घरी निघाले होते, एका गाडीवाल्यानं हिरवा घड पुढे केला. "घ्या ताई, तासगावची हायत." मी त्याच्यावर विनाकारण खेकसले. बिचारा दचकला. चार पावलं पुढे जाऊन परत आले, अर्धा किलो घेतली, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःवर चिडत राहिले.

चर्चमध्ये दरवर्षी तेच तीन शब्द कानावर पडतात. समर्पण, आज्ञापालन, कृपा. पापावर जय मिळवायचा तर आधी देवाला शरण जा, मग त्याचं ऐका, उरलेलं त्याची कृपा करील. लहानपणापासून मी हे ऐकत आले आणि ते खोटं आहे असं आजही म्हणत नाही. पण शरण जा हे कोण म्हणतंय आणि कुणाला म्हणतंय, तिकडे आता माझं लक्ष असतं. चार वर्षांपूर्वीच्या एका उपवासकाळानं मला ही खोड लावली.

त्या वर्षी माझी आई कवठे महांकाळजवळच्या तिच्या माहेरगावी राहत होती. आजही तिथंच राहते. पाऊस हात राखून पडणारा तो भाग. एका बाजूला मेंढरांचे वाडे, दुसऱ्या बाजूला कसंबसं पाणी आणून जगवलेल्या द्राक्षबागा. फेब्रुवारी उलटला की माळावर बेदाण्याची शेड भरतात. हिरव्या जाळीच्या आडोशाला एकावर एक जाळ्या आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं. त्यांना गंधकाची धुरी देतात, म्हणजे रंग टिकतो. तो वास गावभर असतो. नाकातून घशात उतरतो, चहाला लागतो, कपड्यांना लागतो. आई तिथं बायकांच्या रांगेत बसून बेदाणा निवडायची. काड्या बाजूला, काळे दाणे बाजूला. मी रजेवर गेले की तिच्या हातांना, केसांना, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच वास यायचा.

हे तिचं मूळचं काम नव्हे. माझी आई मार्था स्वयंपाकीण होती. आष्ट्याच्या बाजूला एका लहान गावात मुलींचं वसतिगृह होतं, तिथं तिनं एकोणीस वर्षं चाळीस पोरींचा स्वयंपाक केला. पोरी तिला मार्थामावशी म्हणायच्या. कुणाला भाकरीचा पापुद्रा आवडतो, कुणाला वांगं बघितलं की मळमळतं, कुणाला घरची आठवण आली की पोट दुखल्याचं नाटक करायची सवय आहे, हे तिला पाठ होतं. परीक्षेच्या दिवसांत ती दहावीच्या मुलींना पहाटे गुळाचा चहा करून द्यायची. ते वसतिगृहाच्या नियमात बसत नव्हतं. ती म्हणायची, "नियमाला परीक्षा नसती."

मग एका मार्चमध्ये, दहावीचे पेपर चालू असताना, पहाटे एकामागून एक मुलींना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पंचवीसेक मुली टेम्पोत घालून सांगलीला नेल्या. सगळ्या वाचल्या. कविता नावाची मुलगी मात्र मरता मरता वाचली. ती धनगराच्या घरातली, त्यांच्या वस्तीवरून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. चार दिवस ती शुद्धीत नव्हती. पेपर बुडाले, वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी परीक्षेला बसवायच्या ऐवजी घरच्यांनी तिचं लग्न लावलं.

वसतिगृहाचे अधीक्षक शमुवेल सर. चौकशीला माणसं आली तेव्हा सरांनी सांगितलं की रात्रीच्या आमटीत दुपारची डाळ मिसळली होती. ते खरंच होतं. आई रोजच मिसळायची, चाळीस ताटांचं अन्न टाकून कसं द्यायचं? त्यामुळं तिला नाही म्हणता येईना. पाण्याचा नमुना नेला, तो स्वच्छ निघाला. मग राहिली ती डाळ, आणि डाळ शिजवणारी बाई. कविताची आई हौसाबाई फाटकाशी येऊन ओरडली, "माज्या लेकीला इख घातलंस! तुज्या हाताला किडं पडतील!" आई त्या फाटकामागं उभी राहून ऐकत होती. सगळं ओरडून होईपर्यंत ती आत गेली नाही.

त्याच आठवड्यात तिला काम सोडायला सांगितलं. निघताना शमुवेल सरांनी तिला ऑफिसात बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवानं तिला क्षमा करावी म्हणून प्रार्थना केली. आई त्या प्रार्थनेबद्दल कितीतरी वर्षं कृतज्ञतेनं बोलायची. "लय चांगला मानूस. येवढं झालं तरी माज्यासाटनं डोळं मिटलं त्येनी."

त्यानंतर नऊ वर्षं आईनं प्रभुभोजन घेतलं नाही. भाकर आणि द्राक्षरसाचं ताट रांगेतून फिरत यायचं. तिच्यापाशी आलं की ती मान खाली घालून ते शेजारणीकडे द्यायची. मी विचारलं तर म्हणायची, "अजून न्हाई. पोरीचं वरीस गेलं माज्यापायी." उपवासकाळात ती खरोखरच उपाशी राहायची. चहा सोडणाऱ्यांतली ती नव्हती. दिवसभर बेदाण्यापुढं बसायची आणि एक दाणा तोंडात टाकायची नाही. शरण जायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही, ती नऊ वर्षं गुडघ्यावरच होती. आज्ञा पाळायचं तर तिनं जन्मभर दुसरं केलं काय? कृपा तेवढी तिच्या रांगेपर्यंत पोचत नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उपवासकाळातला तिसरा रविवार. मी दोन दिवसांची रजा काढून गावी गेले होते. गावातलं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, पुढं म्हाताऱ्यांसाठी बाक आणि मागं सतरंज्या. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी सांगितलं की आज सांगलीहून एक ज्येष्ठ बंधू साक्ष द्यायला आलेत. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चर्चच्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. बघते तर शमुवेल सर. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच.

दारात आईनं त्यांना हात जोडले. "सलाम सर."

"सलाम, सलाम," असं म्हणून ते पुढं गेले. त्यांनी तिला ओळखलं नाही. अकरा वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस. आई नऊ वर्षांत वाळली होती, केस पिकले होते, हे खरं. तरी पण.

सर चांगलं बोलायचे. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, हे त्यांना माहीत होतं. आपण कसे लहानपणापासून धार्मिक, कसे सगळ्यांच्या आदराला पात्र, आणि आत मात्र एक पाप कसं दडवून ठेवलेलं, असं ते सांगत गेले.

"मी एका संस्थेत जबाबदारीच्या जागेवर होतो. एके सकाळी लेकरं आजारी पडली. मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीचं झाकण कित्येक महिने बसवलेलं नव्हतं, ते माझं काम होतं. आत मेलेलं कबुतर तरंगत होतं. मी घाबरलो. ते काढून मागच्या भिंतीपलीकडे टाकलं, टाकी रिकामी करून धुतली, औषध टाकलं आणि गप्प राहिलो. दोष एका गरीब बाईवर गेला. बंधुभगिनींनो, मी ते ओझं अनेक वर्षं वाहिलं. शेवटी एके दिवशी प्रभूपुढं पूर्ण शरण गेलो आणि त्यानं माझं ओझं उतरवलं. आज मी मोकळा आहे!"

"आमेन," मंडळी म्हणाली. कुणीतरी टाळी वाजवली. पुढच्या बाकावर एक म्हातारे डोळे पुसत होते.

आई माझ्याकडे झुकली. "कबुतर म्हनाला का गं त्यो?"

"हो."

"टाकीत?"

"हो, आई."

तिनं स्वतःचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तळवे वर केले, मग उलटे केले. हळूच म्हणाली, "दोन डाव सांगितलं हुतं मी. झाकान बसवा म्हनून."

मग मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. शेजारच्या बायका माझी ओढणी धरून ओढत होत्या, तेवढं आठवतं.

"सर, ती गरीब बाई इथं बसलीय! तिला नाव आहे. मार्था. तुम्ही आत येताना तिनं तुम्हाला सलाम केला!"

सरांनी चष्मा काढला, परत लावला. सतरंजीवरच्या बायकांमधून ते तिला शोधायला लागले आणि सापडल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही मोकळे झालात," मी ओरडत होते. "मोकळं कुणी केलं तुम्हाला? माझी आई नऊ वर्षं भाकर घेत नाही. नऊ वर्षं! तुम्ही दर महिन्याला घेतलीत ना? घशाखाली उतरली?"

पाळक पुढं आले. "ताई, उपासना चालू आहे."

पुढच्या बाकावरचे म्हातारे उठले. "पोरी, मानूस पश्चात्ताप करतोय. त्यात मोडता घालू नगंस. तुजा राग देवाला दे."

राग देवाला दे! सगळ्यांनी मलाच शरण जायला सांगितलं. त्या पत्र्याखाली एक माणूस कबुतर लपवून नऊ वर्षं बसलेला, एक बाई न केलेल्या पापासाठी नऊ वर्षं उपाशी, आणि सुधारायची कोण, तर मी. मी आईचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. आई म्हणाली, "चपला आत राहिल्या." मी आत जाऊन दोघींच्या चपला आणल्या. रागात असं काहीतरी करावं लागतं, त्याचाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळक घरी आले. आईनं चहा ठेवला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मार्थाबाई, मी कालपासून विचार करतोय. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन तुम्ही नऊ वर्षं वाहिलंत. हे तर प्रभूसारखंच झालं. वधस्तंभावर त्यानंही..."

"थांबा," मी म्हणाले. "एक शब्द पुढं बोलू नका. प्रभूनं स्वतःहून घेतलं. त्याला माहीत होतं कुणाचं आहे ते. माझ्या आईला कुणी विचारलं? तिला तर ते स्वतःचंच वाटत होतं! तिच्या डोक्यावर ठेवलं, वर हात ठेवून प्रार्थना केली. तिला ख्रिस्त करून टाकू नका, पाळकसाहेब. तिला ख्रिस्त केलं की सर सुटले, तुम्ही सुटलात, मंडळी सुटली."

पाळकांचे कान लाल झाले. माझ्यापेक्षा वयानं लहान माणूस. मला वाटलं आता शास्त्रातलं काहीतरी काढतील. त्यांनी कप खाली ठेवला. "चुकलो मी, ताई," ते म्हणाले. मग आईला विचारलं, "तुम्हाला काय हवंय, मार्थाबाई?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. तिनं फार विचार केला नाही.

"हौसाबाईला कळाय पायजे," ती म्हणाली. "माज्या तोंडनं न्हाई. त्येंच्या तोंडनं."

मी रजा वाढवून घेतली. गुरुवारी पाळक शमुवेल सरांना सांगलीहून मोटारसायकलवर मागं बसवून थेट शेडवर घेऊन आले. रस्त्यात त्यांनी सरांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. एवढंच म्हणाले होते, "सर, साक्ष अर्धी राहिलीय."

शेडमध्ये पंधरावीस बायका बसल्या होत्या. गंधकाच्या वासानं सरांना ठसका लागला. आई उठली नाही. समोरचा बेदाण्याचा ढीग तिनं हातानं दोन भागांत केला.

"बसा सर. नुसतं बसू नगा. काड्या काडा."

आणि सर खाली बसले. इस्त्रीचा शर्ट, गुडघे दुखत असावेत, एका हातानं टेकून कसेबसे बसले आणि काड्या काढायला लागले. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"मार्थाबाई, मला क्षमा करा," ते म्हणाले.

"ते मागनं बगू. आदी हौसाबाईकडं जाऊ."

सरांचा हात थांबला. "आता कशाला ते? मुलीचं सगळं सुरळीत झालं असेल. त्यात संस्थेचं नाव येईल, मंडळीचं नाव जाईल. देवानं मला क्षमा केलीय, हे मी मनापासून सांगतो तुम्हाला. झालेलं उकरून..."

"देवानं केली आसंल," आई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "त्येचं मोटं मन हाय. पन सर, तुमी त्येच्याकडं गेला कारन त्यो कुनाला सांगत न्हाई. हौसाबाई सांगल. साऱ्या वस्तीला सांगल. म्हनून तुमाला भ्या वाटतंय. व्हय का न्हाई?"

मला तेव्हा खूप बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. आईनं माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला आणि मी गप्प बसले. सरांनी मूठभर बेदाणा निवडला. नीट निवडला, ते मान्य करायला हवं. मग म्हणाले, "केव्हा जायचं?"

"आत्ता," आई म्हणाली.

हौसाबाईची वस्ती जतच्या बाजूला. आम्ही दोघी वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं, गेलो, सर पाळकांच्या मागं मोटारसायकलवर. बाभळीच्या कुंपणाआड मेंढरांचा वाडा, पुढं पत्र्याचं घर. हौसाबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. आईला बघून तिनं बाटली खाली ठेवली आणि कमरेला पदर खोचला.

"तू? कुठल्या तोंडानं आलीस गं हितं?"

"त्येंचं ऐक," आई म्हणाली आणि बाजूला झाली.

सरांनी सांगितलं. चर्चमध्ये सांगितलं होतं तसं नाही. इथं त्यांना आवाज कुठं चढवायचा ते सुचत नव्हतं. वाक्यं तुटत होती. टाकी. झाकण. कबुतर. भिंतीपलीकडे टाकलं. मीच धुतली. हिची काही चूक नव्हती. मला माहीत होतं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील.

हौसाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"नऊ वरसं तुला शिव्या घातल्या गं मी," ती म्हणाली. "मेंढरामागं चालताना घातल्या, दळताना घातल्या. तुज्या हाताला किडं पडू द्यात म्हनत हुते." आणि तिनं पुढं येऊन आईचे हात धरले, उलटसुलट करून बघितले, खरंच पडलेत की काय ते बघावं तसे.

मग घरात जाऊन तिनं तांब्याभरून पाणी आणलं. आधी आईला दिलं, मला दिलं, पाळकांना दिलं. शेवटी सरांपुढं धरलं. "उनातनं आलायसा, पानी प्या. पन माज्याकडं माफी मागू नगा. ती माज्याकडं न्हाई. जिचं वरीस गेलं तिच्याकडं मागा." तिनं मोबाइल काढला, कविताला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन सरांच्या हातात दिला.

कविता सांगलीत राहते. दोन लेकरं आहेत. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. सरांनी पुन्हा सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "मावशी हायत का तितं?"

आई फोनजवळ गेली. "हाय गं, बाळा."

"मावशी, मी त्या रात्री जेवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर हुता, मला भूकच न्हवती. नुसतं पानी पिऊन अभ्यास करत हुते. तांब्या तांब्या पानी पिले मी." तिचा आवाज फाटला. "कुनी इचारलंच न्हाई हो मला. सगळे सांगत हुते, डाळीनं झालं, डाळीनं झालं. मी चार दिवसांनी उठले तवर सगळं ठरलं हुतं."

आईनं तिला रडू नकोस म्हणून सांगितलं. पेपर कसा गेला असता, कुणास ठाऊक, असंही म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या. सर बाभळीच्या सावलीत जाऊन उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती, हे मला कळत होतं. आली नाही.

त्या वर्षी ईस्टरला आईनं ताटातून भाकर घेतली. घाईघाईनं घेतली, कुणी काढून घेईल अशी. सरांनी वसतिगृहाच्या जुन्या मुलींचे पत्ते शोधले आणि जमेल तितक्या घरी गेले, पाळक म्हणतात. काही ठिकाणी त्यांना दारातून परत पाठवलं. सांगलीच्या त्यांच्या मंडळीत त्यांना आता पुढं बसवत नाहीत. वर्षातून एकदोनदा ते गावी येतात, आईला भेटतात. आई त्यांना चहा देते. क्षमा केली का, असं मी विचारलं तर म्हणते, "करतीया हळूहळू. पिठागत हाय ते, येका दिशी दळून हुत न्हाई." मी केलेली नाही. कृपा आहे यावर माझा विश्वास आहे, ती फुकट मिळते यावरही आहे. पण फुकट मिळालेली वस्तू घेऊन जो थेट स्वतःच्या घरी जातो आणि दार लावून घेतो, त्याचा मला संताप येतो. आज्ञापालन हा शब्द मी बाभळीच्या कुंपणाजवळ पहिल्यांदा खरा होताना बघितला. त्यात काही उजळ, उदात्त नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाला शब्द सापडत नव्हते आणि तरी तो बोलत होता, इतकंच.

एक सांगायचं मात्र मी टाळत आलेय. सरांच्या अर्ध्या साक्षीवर भर चर्चमध्ये ओरडणाऱ्या बाईनं ते टाळू नये.

कविताचा फोन झाला त्या दुपारी आई आणि मी वडापची वाट बघत फाट्यावर उभ्या होतो. एकच कडुलिंब, त्याची सावलीही धड नव्हती. कविताचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. कुनी इचारलंच न्हाई. मी नर्स आहे. इतक्या जणांना एकदम उलट्या झाल्या तर पहिला प्रश्न हाच असतो, कोण जेवलं आणि कोण जेवलं नाही. मुली सांगलीला खाटांवर होत्या तेव्हा मी साताऱ्याहून पहिल्या गाडीनं आले होते. त्यांच्यापाशी गेले नाही. आईपाशी गेले. आणि तिला विचारलं, "आई, डाळ आंबली होती का गं? खरं सांग." सरांनी लोकांना सांगायच्या आधी आईवर संशय घेणारी पहिली मी होते.

"आई," मी म्हणाले, "मी पण तुला..."

"व्हय," ती म्हणाली. "तीन डाव इचारलंस."

तिनं मोजलं होतं.

"मला माफ कर," मी म्हणाले. हे साधे तीन शब्द नऊ वर्षं माझ्या तोंडातून निघाले नव्हते. त्याऐवजी मी किती ओरडले होते!

"तुला कवाच केलं."

"केव्हा?"

"त्याच दिशी. तू परत जायला एष्टीत बसलीस आन् खिडकीतनं मागं बघितलं न्हाईस. तवा म्हनलं, जाऊ दे, लेक हाय."

मला राग आला. सरांवर आला होता त्याहून मोठा. मी इतकं केल्यावर तिनं माझ्याकडून काहीच मागितलं नव्हतं. ना हौसाबाईच्या दारात उभं केलं, ना काड्या काढायला बसवलं. मी विचारायच्याही आधी, माझी पाठ असताना, तिनं सगळं सोडून दिलं होतं, आणि मी नऊ वर्षं तिच्या त्या क्षमेतच राहत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

"असं कसं केलंस?" मी भर रस्त्यात ओरडले. "बोल की मला काहीतरी! शिवी दे. एक थोबाडीत तरी मार!"

"उनात ताकद न्हाई मला," आई म्हणाली. "वडाप आलं बघ."

जीप गच्च भरलेली होती. आई आधी चढली, दोन बायकांच्या मधे शिरली, मग अंग चोरून आत सरकली आणि माझ्यापुरती जागा केली. माझा राग होताच. तरी मी बसले.